पीट कॉनरॅड यांची लांब उडी

चंद्रावरचे पहिले उद्गार म्हटले की जुलै १९६९मधले नील आर्मस्ट्राँग यांचे वाक्य आठवते. मला मात्र त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला ‘अपोलो १२’मधून उतरलेले पीट कॉनरॅड जास्त भावतात. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून यानाच्या पायाच्या तबकडीवर उडी मारताच ते आनंदाने ओरडले आणि म्हणाले, नीलसाठी हे पाऊल छोटे असेल, पण माझ्यासाठी भलतेच लांब आहे! मातीला पाय लागला तो त्यानंतर. तेव्हा ‘मऊ आहे’ एवढीच नोंद.

थट्टा स्वतःच्या उंचीची होती. कॉनरॅड जेमतेम साडेपाच फूट, आणि ती पायरी तबकडीपासून सुमारे तीन फूट वर. पण त्यामागे एक पैजही होती. अंतराळवीरांच्या तोंडी ‘नासा’च शब्द घालते, असा इटालियन पत्रकार ओरियाना फलाची यांचा पक्का समज. काय बोलायचे ते माझे मी ठरवतो, हे दाखवायला कॉनरॅड यांनी वाक्य आधीच सांगून ५०० डॉलर लावले. बोलले ठरल्याप्रमाणे. पैसे मात्र कधीच हाती पडले नाहीत, असे ते पुढे सांगत.