हंसाच्या मानेत दडलंय काय?

दोस्तांनो, हात मोडला तर डॉक्टर नुसतं वरून पाहून थांबत नाहीत, एक्स-रे काढायला सांगतात. डोळ्यांना जे दिसत नाही, ते दुसऱ्या किरणांनी कळतं. आकाशाचंही तसंच आहे, बरं का!

अंतराळातून येणारे क्ष-किरण आपलं वातावरण अडवतं. म्हणून उपकरणंच वर न्यावी लागतात. १९६४ साली अमेरिकेत रॉकेटमधून सोडलेल्या उपकरणाला हंस तारकासमूहाकडून क्ष-किरण येताना आढळले. या उगमाचं नाव पडलं ‘सिग्नस एक्स-१’. पण ते नेमके कुठून येतात, हे काही समजेना.

१९७० मध्ये ‘उहुरू’ हा उपग्रह वर गेला. त्याने पाहिलं, की हे क्ष-किरण सेकंदाच्याही आत कमी-जास्त होतात. एवढ्या झटपट बदलणारी वस्तू आकाराने लहानच असणार! मग १९७१ मध्ये तिथूनच रेडिओ लहरी येऊ लागल्या आणि त्याच सुमारास क्ष-किरणांचं रूपही बदललं. म्हणजे दोन्ही एकाच घरातले! रेडिओ दुर्बिणींनी त्या घराचा अचूक पत्ता दिला.

त्या पत्त्यावर होता एक प्रचंड निळा तारा. त्याचा प्रकाश तपासून लुईस वेब्स्टर, पॉल मर्डिन आणि टॉम बोल्टन यांनी दाखवलं, की हा तारा ५.६ दिवसांत एक फेरी मारतो. पण फेर धरायला जोडीदार हवा ना? तो तर दिसतच नव्हता! ताऱ्याच्या वेगावरून जोडीदाराचं वजन काढलं. इतका जड, इतका लहान आणि तरी काळोखा? मग ते कृष्णविवरच असणार! ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, भोवती गरगरत भयंकर तापतो आणि क्ष-किरण बाहेर टाकतो.

‘हे कृष्णविवर नाही,’ अशी पैज स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये किप थॉर्न यांच्याशी लावली होती. १९९० मध्ये त्यांनी हार कबूल केली! २०२१ मधल्या मोजणीनुसार हे कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २१ पट जड आहे.

अशा जोड्या एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरणांत पाहता याव्यात, म्हणून भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सोडला. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संस्थांचा त्यात मोठा वाटा. शिवाय नारायणगावजवळ खोडदला रेडिओ लहरी टिपणाऱ्या ३० प्रचंड तबकड्या आहेतच.

पाऊस सरला, की ऑक्टोबरात रात्री आठच्या सुमारास गच्चीवर जा. डोक्यावर, जरा उत्तरेला हंस दिसेल. कृष्णविवर मात्र दिसणार नाही. पण ते त्याच्या मानेत कुठेतरी आहे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे!