उपसागर, खाडी आणि ‘चर’

हिंदीतील ‘बंगाल की खाड़ी’ मराठीत ‘बंगालचा उपसागर’ होते. मराठीतील ‘खाडी’ ठाणे वा दाभोळ येथील भरती-ओहोटीच्या अरुंद पाण्यापुरती मर्यादित आहे. बंगालीही उपसागर आणि खाडी यांत मराठीप्रमाणेच भेद करते. तथापि, या शब्दसाम्यावरून दोन्ही किनारे सारखे मानणे योग्य ठरणार नाही.

कोकणातील आखूड नद्या समुद्राने बुडविलेल्या दऱ्यांतून मुखाशी येतात. खडकाळ भूशिरांमुळे किनाऱ्याची रेषा स्थिर भासते. याउलट कोलकात्याच्या दक्षिणेस, सागर बेटापाशी, हुगळीचे मुख नरसाळ्यासारखे रुंदावते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने या किनाऱ्यावर जमीन घडते आणि लाटा-प्रवाहांनी ती खचते. पाण्यातून वर आलेल्या अशा गाळभूमीस बंगालीत ‘चर’ म्हणतात.

१९७० च्या चक्रीवादळानंतर हरियाभांगा नदीच्या मुखाशी दिसू लागलेल्या एका बेटावर भारताने ‘न्यू मूर’ व बांगलादेशाने ‘दक्षिण तालपट्टी’ या नावाने हक्क सांगितला. ते पूर्णतः बुडाल्याचे कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान अभ्यासकांनी २०१० मध्ये जाहीर केले.

बंगाली कथनसाहित्याच्या भाषांतरात हा भेद निर्णायक ठरतो. ‘चर’ तसाच ठेवला, तर मराठी वाचकापुढे खणलेला खड्डा उभा राहतो. ‘बेट’ म्हटले, तर नसलेले स्थैर्य सूचित होते. ‘गाळाचे बेट’ ही रचना काहीशी लांबट असली, तरी तेथे घर बांधणाऱ्या पात्राच्या पायाखालची अनिश्चितता तीच राखते.