शंका आधी भात्यात दिसते

पेटी शिकवणारा मुरलेला माणूस शिष्याच्या उजव्या हाताकडे फारसं बघत नाही. पट्ट्यांवर बोटं काय करतात ते कानाला कळतंच. बघायचा असतो तो भाता मारणारा डावा हात. पुण्यात एका माडीवर रविवारी सकाळी चालणाऱ्या शिकवणीत कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसून मी हे बघत आलोय. 'पुढे काय?' असं मनात आलं की बोट अडायच्या आधी भाता अडतो. आतली हवा उतरते, सूर बारीक होतो, आणि सर मान वर न करता म्हणतात, "भाता."

अशाच एका रविवारी बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंची पाळी होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झालेल्या. वहीत आलाप, ताना सगळं सुवाच्य अक्षरात, समेची खूण लाल शाईने. वही समोर असली की त्यांचा भूप कुठे अडखळत नाही. सरांनी वही मिटली आणि सरळ आपल्या मांडीखाली सरकवली.

"आता तुमचं काहीतरी वाजवा, काकू."

"माझं काय असणार त्यात?"

हे पेटीवाल्याने म्हणावं यात नवल नाही. पेटीचं बरंचसं आयुष्य साथीत जातं. गायकाने जागा घेतली की तिच्या मागोमाग जायचं, त्याने श्वास घेतला की मधली फट भरायची, आणि त्याच्या पुढे मात्र कधी जायचं नाही. हे अवघड काम आहे आणि मला त्याचं फार कौतुक आहे. पण त्यात पुढे कुठे जायचं हे ठरवणारा दुसराच कुणीतरी असतो. तो उठून गेला की साथीदार गोंधळतो.

त्यात या वाद्याला स्वतःच्या लायकीबद्दल ऐकून घ्यायची जुनी सवय. युरोपातून आलेलं, मींड न निघणारं, स्वरांची पट्टी परदेशी हिशेबाने लावलेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्याला आपल्या प्रसारणातून बाहेर काढलं ते जवळजवळ तीस वर्षं. आक्षेप अगदी खोटे नव्हते. कारखान्यातून येणाऱ्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, सुमारे चौदा सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका. तयार कानाला तो टोचतो. म्हणून पुष्कळ वादक पेटी मुद्दाम वेगळी लावून घेतात. पण त्याच सुमारास आपल्याकडे गोविंदराव टेंबे होते, पुढे पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर. या मंडळींनी पेटी एकटी वाजवून दाखवली. मींड नाही तर कणस्वर आहे. एक पट्टी सुटायच्या आत दुसरी धरली आणि भाता किंचित सैल केला तर घसरत गेल्याचा भास होतो. तो भासच आहे, पण ऐकणाऱ्याला पुरतो.

सरांनी मोबाइलवर तंबोरा सुरू केला, मग विलंबित तीनताल. "फक्त सा रे ग. बाकी पट्ट्या आज तुमच्या नाहीत. सोळा मात्रांत काय हवं ते करा, समेला गंधारावर या."

तीन स्वर म्हटल्यावर काकू हसल्याच. पहिल्या आवर्तनात त्यांनी सा रे ग, ग रे सा असं शाळेतल्या कवायतीसारखं वाजवलं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात खालीपाशी भाता थांबला आणि सरांचा शब्द आला. मग त्यांनी नुसता रिषभ धरला. धरून ठेवला, बराच वेळ. तेराव्या मात्रेच्या पुढे कुठेतरी षड्जाला हलकं शिवून गंधारावर उतरल्या, बरोबर समेला. हे वहीत नव्हतं. सरांच्या शब्दानंतर डावा हात एकदाही अडला नव्हता.

सगळी मोकळीक एकदम दिली की माणूस बिचकतो. 'मनात येईल ते वाजव' हा सल्ला देणाऱ्यांनी तो स्वतः कधी पाळून बघितला असेल असं मला वाटत नाही. जागा मुद्दाम लहान केली की चुकायला वाव कमी उरतो, आणि लक्ष 'बरोबर आहे का'वरून 'किती वेळ थांबू'वर जातं.

मग काकूंना पंचम मिळाला, थोड्या वेळाने धैवत. इथे भूपाची खरी पंचाईत. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात मान गंधाराचा, देशकारात धैवताचा. काकू धैवतावर रमल्या. शेजारी बसलेला विशारद झालेला मुलगा पुटपुटला, "देशकार झाला."

काकूंचा भाता थबकला.

"गेला तर जाऊ दे," सर म्हणाले. "परतीचा रस्ता माहीत आहे ना?"

काकूंना माहीत होता. पंचमावरून गंधारावर आल्या, तिथे ठाण मांडून बसल्या, दोन आवर्तनं हलल्याच नाहीत. भूप परत आला. त्यानंतर त्यांनी त्याच धैवतावर पुन्हा जाऊन बघितलं, या खेपेला मुद्दाम, त्या मुलाकडे बघत.

पुढची पाळी त्याचीच. त्याच्या बोटांत तयारी भरपूर, दुगुणीच्या ताना मिटल्या डोळ्यांनी निघतात. त्यालाही तेच तीन स्वर मिळाले. दोन आवर्तनं त्याने कशीबशी काढली. बोटं चुळबुळत होती, पंचमाच्या पट्टीवर जाऊन न दाबता परत येत होती.

"सर, एक तान घेऊ का?"

"विचारलंस? मग नको घेऊस."