स्क्रीन काळी पडली? आधी सल्ल्याची तारीख बघा!

लोहारा : विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही जुना संगणक भंगारात न काढता त्यावर मोफत लिनक्स टाकण्याचा पर्याय आहे. मात्र मॉनिटरने त्रास दिला, की अनेकदा हाती लागतो तो कालबाह्य सल्ला.

जुना सल्ला काय?
‘एक्सऑर्ग’ची कॉन्फिगरेशन फाइल उघडून मॉनिटरचे रिफ्रेश दर हाताने लिहा. डब्यासारख्या सीआरटी मॉनिटरच्या काळात हे गरजेचे होते. चुकीच्या आकड्याने मॉनिटर खराबही होऊ शकत असे.

आता काय बदलले?
मॉनिटर स्वतःची माहिती ‘ईडीआयडी’द्वारे केबलमधूनच संगणकाला देतो. नव्या ‘वेलँड’ पद्धतीत तर ती जुनी फाइल वाचलीच जात नाही.

तुम्ही काय कराल?
• आधी सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ तपासा.
• चित्र १०२४ बाय ७६८ वरच अडकले, तर व्हीजीए केबल बदलून पाहा. पिन तुटलेली असल्यास माहिती पोहोचत नाही.
• फाइल बदलायचीच असेल, तर आधी तिची प्रत ठेवा.

चूक कशी सुधारते?
मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. लिनक्सची आवृत्ती, मॉनिटर, केबल आणि नेमके काय घडले ते कळवा. जुना मजकूर पुसायलाच हवा असे नाही. ‘फक्त सीआरटीसाठी’ एवढी नोंदही पुढच्याची काळी स्क्रीन टाळू शकते.