घेरियाचे बंदर आणि साहेबाचे ओटे

देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाघोटन नदीची खाडी जेथे सागरास मिळते तेथे तिच्या दक्षिण तीरावर वसलेले विजयदुर्ग हे गाव इतके लहान आहे की, एस.टी.तून उतरलेला प्रवासी बाजार, बंदराचा धक्का आणि किल्ल्याचा दरवाजा असे सगळे अल्पावकाशात पाहून घेतो, तिहेरी तटबंदीकडे मान वर करून दोन कौतुकाचे शब्द बोलतो आणि परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो. ते कौतुक अस्थानी नाही. सुमारे सतरा एकरांचा विस्तार आणि सत्तावीस बुरूज ही काही सामान्य मिळकत नव्हे. तथापि या स्थळाचे मर्म ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्याने किल्ल्याआधी त्याच्या कुशीतले पाणी पाहावे. पावसाळ्यात कोकणची बहुतेक बंदरे बंद होऊन होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात, त्या दिवसांतही या खाडीत मोठे जहाज निर्धास्तपणे नांगरून राहू शकते. परंपरेने ज्याला या किल्ल्याचा कर्ता मानले तो शिलाहार भोज राजा, त्यामागून आदिलशाही, शिवछत्रपती, आंग्रे, पेशवे आणि इंग्रज, असे जे जे येथे आले ते या आसऱ्यासाठी आले. तट नंतर उभे राहिले.

इंग्रजांच्या कागदांत या ठिकाणाला ‘घेरिया’ म्हणतात, आणि त्या कागदांतून या नावाविषयीचा धसका लपत नाही. कान्होजी आंग्र्यांचे दस्तक न घेता या किनाऱ्याने व्यापार करू पाहणाऱ्या जहाजांचा माल जप्त होऊ लागला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी १७१७ साली आणि पुन्हा १७२० साली विजयदुर्गावर स्वारी केली. दुसऱ्या वेळी तर त्यांनी या कामासाठी एक तरता तोफखानाच मुद्दाम बांधून आणला होता. परंतु त्याचा उपयोग म्हणावा तसा झाला नाही. १७२४ साली डच आले, तेही रिकाम्या हातांनी गेले. तुळाजी आंग्र्यांच्या अमदानीत, १७५४ साली, डचांना याच समुद्रात पुन्हा तडाखा बसला.

आणि तरीही अवघ्या दोन वर्षांत सारे संपले. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपाला गेले होते. पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांनी इंग्रजांशी करार केला, आणि त्यानुसार फेब्रुवारी १७५६ मध्ये जमिनीकडून पेशव्यांची फौज, तर समुद्राकडून अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार व त्याजबरोबर कर्नल क्लाइव्ह असे दोघे घेरियावर चालून आले. तुळाजी त्या वेळी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत होता. १२ फेब्रुवारीस एक गोळा ‘रेस्टोरेशन’ या, आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पूर्वी पाडाव केलेल्या जहाजावर पडला. ते पेटले, आणि दाटीने नांगरलेल्या गुराबा-गलबतांना एकापाठोपाठ एक आग लागत गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तो पेशव्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी आधीच आपली माणसे उतरवून ठेवली होती, लूट आपसांत वाटून घेतली, आणि पुढे बाणकोट पदरात पाडून घेऊनच किल्ल्याचा ताबा सोडला. किल्ला परत मिळाला खरा, परंतु त्या रात्री जळालेले आरमार कोठल्या तहनाम्याने परत मिळणार होते? हेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढल्याच वर्षी बंगाल्यात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवहारात कोणाच्या हातून काय निसटले याचा अंदाज येतो.

पेशव्यांच्या सुभा आरमाराचे ठाणे पुढे येथेच राहिले आणि आनंदराव धुळपांनी १७८३ साली इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पाडाव करून येथे आणले. पण ते एक वेगळेच प्रकरण आहे. किल्ल्याहून अधिक आवर्जून पाहावी ती खाडीत थोडे आत गेल्यावर, गिर्ये गावाच्या बाजूस लागणारी गोदी. सुमारे साडेतीनशे फूट लांबीची ही जागा खडकात उकरलेली असून, भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावे आणि ओहोटीला त्याचे बूड उघडे पडले म्हणजे डागडुजी करावी, अशी तिची साधी आणि चोख योजना होती. तिकडे वळणारे पर्यटक थोडेच.

याउलट ज्याच्याविषयी प्रत्येक वाटाड्या भरभरून बोलतो ते म्हणजे किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या ज्योतिर्विदाने याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला, असे येथे सांगतात. कथा मोठी मोहक आहे, परंतु ती कागदांवर टिकत नाही. त्या दिवशी लॉकयर हिंदुस्थानात नव्हताच. फ्रेंच ज्योतिर्विद जाँसेन याने ग्रहण पाहिले ते गुंटुरास, आणि लॉकयरने आपले निरीक्षण ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये केले. शिवाय ऐन पावसाळ्यात, ढगांनी गच्च भरलेल्या कोकणात, कोणता शहाणा माणूस सूर्य पाहावयास येईल?

मात्र ओटे खोटे नाहीत आणि साहेबही खोटा नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा पुन्हा या किनाऱ्यावरून गेला, आणि तेव्हा सर नॉर्मन लॉकयर खरोखरच विजयदुर्गात तळ देऊन होते. ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या दिमतीस होते आणि त्यांनी निरीक्षणातही भाग घेतला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक नेगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूरकडील जेऊरला गेले होते. हेलियम तोवर रॅम्से याने प्रयोगशाळेत वेगळा करून तीन वर्षे झाली होती. पण दुर्बिणी, पेट्या आणि शेकड्यांनी माणसे घेऊन आलेल्या युद्धनौकेला कोकणच्या या भागात निवांत नांगर टाकावयास दुसरे कोणते बंदर होते? लोकांच्या स्मरणात दोन ग्रहणे एकमेकांत मिसळून गेली असावीत, असे मला वाटते. हेलियमचा उत्सव ऑगस्टात भर पावसात साजरा करण्यापेक्षा गावाने तो २२ जानेवारीस करावा. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते, हापूसच्या कलमांवर मोहोर असतो, आणि मुख्य म्हणजे ती तारीख खरी आहे.