बटण, दोरा आणि कणकेचा गोळा

घरात सापडणाऱ्या वस्तूंचं खेळणं पाच मिनिटांत तयार होतं आणि बहुधा तेवढ्याच वेळात मोडतं. लहान मुलांना घेऊन विज्ञानात शिरायला याहून सोयीची वाट नाही.

जुन्या कोटाचं मोठं बटण घ्या. समोरासमोरच्या दोन भोकांतून जाड दोरा ओवून टोकांना गाठ मारा. तयार झालेल्या दोऱ्याच्या कड्याची दोन टोकं दोन हातांच्या बोटांत अडकवा, बटण मधोमध आणा, भरपूर पीळ द्या आणि हात एकमेकांपासून दूर ओढा. बटण गरगरतं, पीळ सुटतो आणि सुटता सुटता उलटा बसतो. पुन्हा ओढलं की पुन्हा गरगर. ताल जमला की दोरा गुणगुणायला लागतो आणि बटणाची भोकंही दिसेनाशी होतात. आजच्या आजी-आजोबांनी हा खेळ अंगणात खेळलेला असतो.

हाच खेळ २०१७च्या जानेवारीत ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’ या शोधपत्रिकेत पोहोचला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश युगांडात गेले असताना त्यांना एका दवाखान्यात सेंट्रिफ्यूज यंत्र दिसलं. रक्त जोरात फिरवून त्यातले जड आणि हलके घटक वेगळे करणारं हे यंत्र तिथे दाराला अडसर म्हणून ठेवलेलं होतं, कारण ते चालवायला वीजच नव्हती. विजेशिवाय इतक्या वेगानं काय फिरू शकेल, हे शोधताना प्रकाश आणि त्यांचे सहकारी यो-योसारखी खेळणी तपासत दोऱ्यातल्या बटणापाशी आले. कागदाची चकती, दोरा आणि धरायला दोन मुठी एवढ्या सामग्रीतून त्यांनी ‘पेपरफ्यूज’ बनवला. वजन सुमारे २ ग्रॅम, साहित्याचा खर्च सुमारे २० सेंट. लहानशा चकतीनं मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग गाठला. रक्तातला द्रव भाग दीड मिनिटात वेगळा झाला, तर मलेरियाचे परजीवी वेगळे करायला पंधरा मिनिटं लागली.

ओढायचं केव्हा?

बटण हातात आलं की मूल पहिल्यांदा एकच गोष्ट करतं: दोरा सतत ओढून धरतं. बटण थांबतं. मग केव्हातरी त्याच्या लक्षात येतं की ओढायचंही असतं आणि सोडायचंही असतं. ओढल्यावर पीळ उलगडतो आणि बटणाला वेग येतो. पीळ संपला तरी बटण थांबत नाही, कारण फिरणारी वस्तू फिरतच राहू पाहते. त्या वेगावरच दोऱ्याला उलटा पीळ बसतो, दोरा आखूड होतो आणि हात आपोआप आत खेचले जातात. हात आत येऊन थांबले, तो क्षण पुन्हा ओढण्याचा. जडत्व, ऊर्जेची साठवण, योग्य वेळी दिलेला जोर हे सगळं त्या बोटांना कळलेलं असतं. त्यांची नावं नववीत कळली तरी चालतील.

आता बटणाऐवजी पुठ्ठ्याची चकती लावा. मोठी चकती सुरू व्हायला जड जाते, लहान चटकन वेग घेते. भोकं मध्यापासून जरा बाजूला पाडली तर चकती थरथरते. चकतीवर लाल आणि पिवळे पट्टे रंगवले तर फिरताना नारिंगी दिसतं. दर वेळी आपण फक्त एक गोष्ट बदलली आणि काय झालं ते तिथल्या तिथे समोर आलं.

घरगुती खेळण्याचं मोठेपण इथे आहे. दुकानातली बॅटरीवरची मोटार कशानं चालते ते आवरणाच्या आत, स्क्रूंनी बंद केलेलं असतं. मुलाच्या वाट्याला येतं फक्त बटण दाबणं. दोऱ्यातल्या चकतीत झाकलेलं काही नाही. कारण आणि परिणाम दोन्ही उघड्यावर असतात आणि फुकट असल्यामुळे बिघडवायला कोणी ना म्हणत नाही.

ताटलीतलं पाणी

पसरट ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा. मुलाला बोटाला भांडी घासायच्या साबणाचा थेंब लावून मधोमध टेकवायला सांगा. मिरपूड क्षणात कडेला पळते. ‘परत!’ अशी मागणी येतेच. त्याच पाण्यात परत करून पाहा, काहीच होत नाही. हा दुसरा, फसलेला प्रयोग पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. असं का झालं असेल?

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूनं ओढणारं कोणी नसतं, त्यामुळे पृष्ठभाग ताणलेला राहतो. साबण हा ताण निम्म्याहून कमी करतो. बोट टेकलं तिथला ताण सैल पडला, कडेचं पाणी मात्र अजून पूर्वीच्याच जोरानं ओढत होतं. मिरपूड साबणाला भिऊन पळत नाही, कडेचं पाणी तिला ओढून नेतं. दुसऱ्या वेळी साबण सगळीकडे पसरलेला असतो, ताण सगळीकडे सारखाच, म्हणून ओढाओढ नाही. ताटली स्वच्छ धुऊन नवं पाणी घेतलं की जादू परत येते. साबण नीट धुतला गेला नसेल, तर येत नाही.

हीच बाब जर्मनीतल्या आग्नेस पोकेल्स यांनी स्वयंपाकघरात मोजली. त्यांचा जन्म १८६२चा. मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती, घरात आई-वडील आजारी, त्यामुळे घरकाम त्यांच्याच अंगावर. तेलकट, साबणी पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो याचं त्यांना कुतूहल होतं. पत्र्याच्या उथळ कुंडात पाणी भरून, वर सरकती पट्टी ठेवून, त्या पृष्ठभाग कमी-जास्त करत. पाण्यावर टेकवलेलं छोटं बटण उचलायला किती जोर लागतो ते तराजूनं मोजत. १८९१मध्ये त्यांनी हे सगळं पत्रानं इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना कळवलं. रॅलींच्या शिफारशीनं ते पत्र त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी तशाच कुंडाची सुधारलेली आवृत्ती वापरली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२चं नोबेल मिळालं.

साबणाच्याच पाण्याचे फुगेही करता येतात. तारेचा चौकोन वाकवून त्यातून फुंकायचं, पण आधी विचारायचं: फुगा चौकोनी येईल का? बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात आणि गोल फुगा पाहून तार पुन्हा तपासतात. ताणलेला पडदा आतल्या हवेभोवती कमीत कमी क्षेत्रफळात बसू पाहतो आणि तसा आकार गोलाचाच असतो. दोन फुगे चिकटले तर मधली भिंत पाहा. फुगे सारखे असतील तर ती सपाट असते. एक लहान असेल तर भिंत मोठ्याच्या अंगात फुगते, कारण लहान फुग्यातला दाब जास्त असतो. हवेची दोन ठरावीक आकारमानं एकत्र कोंडायची तर चिकटलेल्या फुग्यांची ही रचनाच सर्वांत काटकसरीची, हे गणितानं पक्कं सिद्ध व्हायला २००० साल उजाडलं. फुगा फुटतो तो पडद्यातलं पाणी खाली ओघळल्यामुळे आणि उडून गेल्यामुळे. म्हणून कोकणातल्या जुलैत तो टिकतो आणि नागपूरच्या मे महिन्यात लगेच फुटतो. पाण्यात थोडं ग्लिसरीन घातलं की नागपूरकरांचीही सोय होते.

लाटायचं की थापायचं?

पोळ्या चालू असताना ओट्यापाशी घुटमळणाऱ्या मुलाला कणकेचा गोळा द्यायची आपल्याकडे रीतच आहे. त्याच्याबरोबर ज्वारीच्या पिठाचा, गार पाण्यात भिजवलेला गोळाही देऊन पाहा. दोन्ही ओढायला सांगा. कणीक ताणली जाते आणि सोडल्यावर जरा मागे येते. ज्वारीचा गोळा भसकन तुटतो.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रकारची प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. कणीक झाकून ठेवली की जाळं सैलावतं, म्हणून मुरलेली कणीक लाटताना मागे ओढत नाही. ज्वारीत हे जाळंच नाही. भाकरीसाठी पिठात गरम पाणी घालतात ते त्यासाठी: उष्णतेनं पिठातले स्टार्चचे कण फुगून चिकट होतात आणि तेवढ्यावर गोळा बांधला जातो. तरीही तो ओढ सहन करत नाही, दाब सहन करतो. म्हणून पोळी लाटायची आणि भाकरी थापायची. पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की थापलेली भाकरीही कडेनं चिरते. घरातल्या बाईला हे शास्त्र हाताला ठाऊक असतं, मुलाला त्याची चव खेळताना मिळते.

जरा मोठं मूल असेल तर कणकेचा छोटा गोळा पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू चोळत धुवायला द्या. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते स्टार्च. दोन-तीनदा पाणी बदलल्यावर मुठीत राखाडी, रबरासारखा, ओढला की लांबणारा लगदा उरतो. तेच ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी १७२८मध्ये पीठ धुऊन ते असंच वेगळं केलं होतं. त्यांच्या आणि आपल्या पद्धतीत फारसा फरक नाही. (उरलेलं पाणी कुंडीत किंवा रश्श्यात.)

काडेपेटीतली भूमिती

अरविंद गुप्ता यांचं नाव घेतल्याशिवाय पुण्यात या विषयावर बोलता येत नाही. आयआयटी कानपूरचे हे अभियंते टेल्को या मोटार कंपनीत होते. १९७८मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळेला परवडेल असं काय आहे, हे पाहत आठवडी बाजार फिरताना सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी त्यांच्या हाती लागली. काड्यांची टोकं या नळीच्या तुकड्यांत खोचली की जोड तयार. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांसमोर मांडली आणि ती करायच्या रीती सगळ्यांना फुकट खुल्या केल्या. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचा हा काड्यांचा खेळ करून पाहा. गूल खरवडून टाका. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपरा दाबा. तो आडवा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच ठेवून असंख्य आकार होतात, त्रिकोणाचा मात्र एकच होतो. शाळेत पुढे ‘बाबाबा कसोटी’ म्हणून पाठ करायचं असतं ते हेच. मग मुलाला घेऊन बाहेर पडा. पत्र्याच्या शेडची कैची, विजेचे उंच मनोरे, रेल्वेचा लोखंडी पूल, सगळीकडे त्रिकोण दिसू लागतात. चौकोनाला पडू न देण्यासाठी माणसांनी तिथे तिरप्या पट्ट्या ठोकलेल्या असतात.

मोठ्यांचं काम

थोडी काळजी तर घ्यावीच लागते. बटणं, मिरपूड, काड्या तीन वर्षांच्या आतल्या मुलांपासून दूर. चकती चेहऱ्याजवळ फिरवायची नाही. काही ठिकाणी मुलं मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे काढतात. त्या झाडाच्या बिया विषारी असतात, तेव्हा ते टाळून रिठ्याचं पाणी वापरावं. रिठ्यात फेस करणारी सॅपोनिन्स असतात, पण तेही डोळ्यांत जाऊ देऊ नये.

याहून अवघड काळजी आपल्या जिभेची. मिरपूड पळाली रे पळाली की मोठ्यांना पृष्ठताण समजावून सांगायची घाई होते. खेळ तिथेच संपतो. उत्तर देण्याआधी ‘आता काय होईल?’ असं विचारावं, मुलाला चुकीचं सांगू द्यावं आणि करून पाहू द्यावं. त्यानंतर एकच प्रश्न: ‘यात काय बदलायचं?’ पोकेल्स पट्टी सरकवत होत्या, प्रकाश चकती बदलत होते. दोघांची रीत हीच होती.

येत्या रविवारसाठी तीन प्रश्न. दोऱ्यात एकाऐवजी दोन बटणं एकमेकांना चिकटवून ओवली तर वेगात काय फरक पडेल? मीठ घातलेली कणीक आणि बिनमिठाची कणीक, जास्त कोण ताणली जाईल? काड्यांचा घन कोलमडू नये म्हणून त्याच्या बाजूंवर उदबत्तीच्या काड्या तिरप्या लावायच्या, तर कमीत कमी किती लागतील? उत्तरं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. सामान घरात आहे.