घडीचा चाकू

घडीचा चाकू म्हणजे ज्याचे पाते मुठीतील खाचेत मिटवून ठेवता येते असा लहान चाकू. तो खिशात सहज मावतो, म्हणून त्यास 'खिशातला चाकू' असेही म्हणतात. फळे कापणे, सुतळी तोडणे, पार्सल उघडणे, पेन्सिलीला टोक करणे, झाडावर कलम बांधणे अशा कामांसाठी तो वापरला जातो. पूर्वी बोरू तासण्यासाठीही असा लहान चाकू वापरीत. स्वसंरक्षणासाठीही हा चाकू उपयोगी पडतो, अशी समजूत आढळते. मात्र त्यातील धोके आणि भारतातील कायदा पाहता ही समजूत तपासून घेणे आवश्यक ठरते.

इतिहास

घडीच्या चाकूचे अतिशय जुने नमुने ऑस्ट्रियातील हालस्टाट येथील उत्खननात मिळाले असून ते सुमारे इ.स.पू. सहाव्या शतकातील मानले जातात. रोमन काळातही असे चाकू प्रचारात होते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे मुठीच्या पाठीत स्प्रिंग बसविलेला चाकू तयार होऊ लागला. फ्रान्समधील ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासूनचा आहे. पाते उघडे असताना ते जागेवर अडकवून ठेवणारे कडे त्याला १९५५ मध्ये बसविण्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरविण्यास प्रारंभ केला आणि १८९७ मध्ये अनेक अवजारे असलेला 'अधिकाऱ्यांचा चाकू' नोंदविला.

भारतात उत्तर प्रदेशातील रामपूर येथील खटक्याचा चाकू 'रामपुरी' या नावाने प्रसिद्ध झाला. हिंदी चित्रपटांतील खलनायकांमुळे त्याला गुन्हेगारीची प्रतिमा चिकटली. कट्यार, बिचवा, जंबिया ही शस्त्रे मात्र घडीची नाहीत. घडीचा चाकू हे मुळात अवजार आहे.

रचना

पाते, मूठ, दोहोंना जोडणारी खीळ आणि पाते रोखून धरणारी योजना हे या चाकूचे मुख्य भाग होत. साध्या प्रकारात पाठीतील स्प्रिंग पात्यावर केवळ दाब देते. जोर उलट दिशेने पडल्यास पाते बोटांवर मिटू शकते. दुसऱ्या प्रकारात पाते पूर्ण उघडल्यावर खटका अडकतो व तो सोडविल्याशिवाय पाते मिटत नाही. बटण दाबताच स्प्रिंगच्या जोराने उघडणारा 'बटणचाकू' हा तिसरा प्रकार. दिल्लीत विशिष्ट मापापेक्षा मोठ्या अशा चाकूंवर १९८० च्या अधिसूचनेने निर्बंध आहेत.

निवडीचे निकष

दैनंदिन कामांना सहा ते आठ सेंटिमीटरचे पाते पुरेसे असते. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असल्याने ते सहसा गंजत नाही. अधिक कार्बन असलेल्या साध्या पोलादाला धार लवकर लागते; पण लिंबू, चिंच, कैरी यांच्या आंबट रसाने ते काळवंडते, म्हणून वापरानंतर ते पुसून कोरडे करावे लागते. मूठ ओल्या हातातही घसरणार नाही अशी असावी. पाते उघडल्यावर डावी-उजवीकडे हलू नये आणि मिटल्यावर धार खाचेबाहेर राहू नये. बोथट चाकूला अधिक जोर लावावा लागतो आणि तो निसटून इजा होण्याचा संभव वाढतो. म्हणून निसण्यावर वेळोवेळी धार लावणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

स्वसंरक्षण आणि धोके

घडीच्या चाकूच्या मुठीला बहुधा आडवा अडसर नसतो. त्यामुळे भोसकण्याच्या झटक्यात हात पुढे घसरून स्वतःचीच बोटे कापली जाऊ शकतात. साधा चाकू उघडण्यास दोन्ही हात लागतात आणि अचानक झालेल्या हल्ल्यात तेवढी सवड मिळत नाही. झटापटीत तो हिसकावला जाण्याचा धोकाही असतो. शिवाय शस्त्र बाहेर काढल्याने साधी बाचाबाची प्राणघातक वळण घेऊ शकते. म्हणून तेथून दूर जाणे, आरडाओरडा करून लोकांना बोलावणे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागणे हे मार्ग अधिक सुरक्षित ठरतात.

कायदेशीर स्थिती

शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या पाचव्या वर्गात मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. यावरून 'नऊ इंचांपेक्षा लहान चाकू कोठेही बाळगता येतो' असा निष्कर्ष काढला जातो; तो बरोबर नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) अन्वये पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे, सुरे, काठ्या व इजा करू शकणाऱ्या वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश वारंवार निघतात. त्यात पात्याच्या लांबीची सूट गृहीत धरता येत नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ नुसार शिक्षा होते. विमानात प्रवाशाला चाकू हातातील सामानात नेता येत नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि शासकीय यंत्रणेचे साहाय्य घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क उरत नाही. हा हक्क कृतीला संरक्षण देतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना देत नाही.

छत्रपती संभाजीनगरमधील संदर्भ

मे २०१८ मध्ये शहराच्या जुन्या भागात दंगल झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ऑनलाइन विक्री संकेतस्थळावरून मागविलेल्या तलवारी, चाकू आदी धारदार शस्त्रांचा साठा पोलिसांनी शहरात जप्त केला. घरपोच मिळणारी वस्तू कायदेशीरच असते, हा समज त्या कारवाईने खोटा ठरविला. औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट या दाट वस्तीच्या बाजारभागात ग्राहकांबरोबर विद्यार्थ्यांचीही वर्दळ असते. औरंगपुऱ्यात सरस्वती भुवन संस्थेची महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी मनाई आदेश लागू असताना फळे कापण्यासाठी घेतलेला चाकूही झडतीत सापडल्यास चौकशीचे कारण होऊ शकतो. त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी जाताना तो घरीच ठेवणे आणि नवा विकत घेतल्यास वेष्टनात बंद व पावतीसह घरी नेणे हिताचे ठरते.